घोंगडीनाथाच्या गौराक्का

"घोंगडीनाथाच्या घोंगडीला गेल्या अंकात दोन काठ होते. ह्या अंकात तीन आहेत. घोंगडी व्याली काय? खुलासा व्हावा. — गौ. रा. हलकर्णीकर."

हे पोस्टकार्ड छापखान्यात आलं तेव्हा संपादक तात्या खराडे यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. काठांची चूक माझी होती. चित्रं मी काढत होतो. दर आठवड्याला एक कार्ड यायचं. अक्षर टपोरं, शाई जांभळी, आणि चूक हमखास आमचीच. घोंगडीनाथानं झोपलेल्या माणसावर हात उचलायचा नाही अशी शपथ घेतली होती, मग काल त्यानं घोरणाऱ्या पहारेकऱ्याला कशी थोबाडीत मारली? गारगोटीच्या जंगलात त्याचा जोडा हरवला, तो पन्हाळ्यावर कसा सापडला? तात्या ह्या हलकर्णीकरांना 'तो चिकित्सक' म्हणायचे. म्हणण्याचा सूर मात्र 'तो ढेकूण' असाच असायचा.

कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात 'खणखणाट' नावाचं आमचं साप्ताहिक निघायचं. त्यात गुळाचे भाव असत, कुस्त्यांचे निकाल असत, तात्यांचा अग्रलेख असे. आणि लोक ज्यासाठी अंक घेत ती चित्रकथा शेवटच्या पानावर असे. घोंगडीनाथ हा दिवसा एका कचेरीतला गरीब कारकून. अन्याय दिसला की तो कपाटामागं जाऊन निळी घोंगडी पांघरायचा, तोंडाला फडकं बांधायचा, आणि मग त्याच्या अंगात सात हत्तींचं बळ यायचं. पन्हाळ्यावरनं उडी मारली की तो थेट जोतिबाच्या डोंगरावर उतरायचा. हा वीर ज्यांच्या डोक्यातून निघाला ते दिनकर सबनीस मात्र चष्मेवाले, काटकुळे, गटार ओलांडतानाही धोतर सावरणारे.

एका सोमवारी सबनीसांची चिठ्ठी आली. मुंबईच्या चित्रपट कंपनीत पटकथा लिहायला बोलावणं आलं होतं आणि ते रातोरात निघून गेले होते. जाताना त्यांनी घोंगडीनाथाला एका सागवानी पेटीत घातलं होतं, पेटीला साखळदंड बांधला होता आणि पेटी रंकाळ्यात टाकली होती. तिथंच त्यांनी 'क्रमशः' लिहिलं होतं.

आता त्याला बाहेर कोण काढणार?

पहिले आले एक प्राध्यापक. त्यांनी घोंगडीनाथाला बाहेर काढलंच नाही. पेटीत पडल्या पडल्या त्यानं स्वातंत्र्यानंतरच्या युवकांची कर्तव्ये यावर दीड पान चिंतन केलं. चित्रात मी काय काढू असं विचारलं तर म्हणाले, "पेटी काढा. बाहेरून."

दुसरे एका वकिलाकडचे कारकून. त्यांनी घोंगडीनाथाला पहिल्याच चौकटीत बुडवून मारला आणि दुसऱ्या चौकटीत स्वतःचा एक नवा वीर आणला. तो वकिलाचा कारकून होता. ह्यातलं काही छापलं गेलं नाही.

शेवटी तात्यांनीच लेखणी उचलली. त्यांनी लिहिलं की पेटी, साखळदंड, रंकाळा हे सारं स्वप्न होतं आणि घोंगडीनाथ आपल्या घरी अंथरुणावर घामाघूम होऊन उठला. अंक बाहेर पडला त्याच दुपारी तालमीतले चार पैलवान छापखान्यात आले. त्यांतला एक टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाला, "सपान व्हय तात्या? मग म्होरचा अंक बी सपनातच छापा की." टेबल कुरकुरलं. तात्यांनी तिथल्या तिथं कबूल केलं की स्वप्न पडल्याचंच स्वप्न होतं, आणि नाथ अजून पेटीतच आहे.

त्या आठवड्याचं कार्ड जरा लांबलचक होतं.

"साखळदंड पेटीच्या वरून आहे, तळाला नाही. पेटीच्या तळाला वाळवी लागल्याचे सबनीसांनीच पाच अंकांपूर्वी लिहिले आहे, ते विसरलात. वर डोक्याने धडका देत बसण्यापेक्षा त्याने तळाला लाथ घालावी आणि पायाकडून बाहेर यावे. पायाळू मुले अशीच येतात. सांभाळून घेतले तर नीट येतात."

तात्यांनी कार्ड दोनदा वाचलं. नंतर जुना अंक काढून वाळवी शोधली. वाळवी होती. ते मला म्हणाले, "पेंटर, हा माणूस धरून आण. चालत आला तर चालत, नाहीतर उचलून."

कार्डावर पत्ता होता सरकारी दवाखान्याचा, बाळंतपणाचा विभाग. हलकर्णीकर म्हणजे कुणी डॉक्टर असणार असं धरून मी दुपारी तिथं गेलो आणि व्हरांड्यातल्या आयाबाईला विचारलं, "हलकर्णीकर साहेब आहेत का?"

बाई आत तोंड करून ओरडली, "आक्काऽ, तुमास्नी सायब केलंय बघा ह्येनी!"

आतून एक उंच, हाडापेरानं थोराड बाई बाहेर आली. पांढरं पातळ, बाह्या कोपराच्या वर, हात ओले. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"बोला पावणं. बाळंतीण कोण तुमची?"

"माझी... कोणी नाही."

"कोण न्हाय? मग पोर कुणाचं?"

"पोर नाही हो. मी घोंगडीनाथासाठी आलोय."

आतल्या खोलीत खाटांवरनं एकेक डोकं उचललं गेलं. एक अवघडलेली बाई भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि कळवळून म्हणाली, "सुटला का वो त्यो?"

गौ. रा. म्हणजे गौरा रामाप्पा. आक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. तिकडच्या पद्धतीप्रमाणं आल्यागेल्या बाईला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायच्या, आणि आपल्या कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा स्वतःबद्दल 'मी जातो, मी सांगतो' असंच, आणि 'पण'च्या जागी 'खरं' असं बोलायच्या. दवाखान्यात त्या सुईणीचं शिक्षण घेतलेल्या नर्स होत्या. त्यांच्या संसाराबद्दल मला शेवटपर्यंत काही कळलं नाही. एकदा विचारलं तर, "हाय की संसार. गावातली निम्मी पोरं माजीच हायत, फकस्त आया येगळ्या," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला चहा संपलाय का बघितलं.

त्या दर बुधवारी, अंक बाहेर पडला की, खाटांवरच्या बायकांना चित्रकथा वाचून दाखवायच्या. का, ते त्यांनी मला त्या पहिल्या दिवशीच व्हरांड्यात सांगितलं.

"कळ येती आन् जाती. कळंत बाई भीत न्हाय, तवा भ्यायला सवड कुटली? भीती मधल्या येळंला. पुडची कवा येनार म्हनून वाट बघत बसली की अर्धा जीव तितंच जातोय. त्या येळंला कायतरी लागतंय. देवाचं सांगितलं तर रडत्यात. सासूचं सांगितलं तर चिडत्यात. घोंगडीनाथ बरा पडतोय."

मी त्यांना छापखान्यात घेऊन आलो. तात्या खुर्चीतून उठले, माझ्या मागं 'हलकर्णीकर' कुठं दिसतात का बघितलं, आणि कुणी नाही म्हटल्यावर हळूहळू खाली बसले.

"म्हणजे... आमचा वीर... एक बाई लिहिणार?"

"का? सबनीस लिवत हुते तवा तुम्ही त्येंची छाती मोजल्ती काय?"

तात्यांना सबनीसांची छाती आठवली असावी. त्यांनी विषय बदलला. आक्कांच्या तीन अटी होत्या. नाव छापायचं नाही, कारण सरकारी नोकरी होती आणि वरच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. घोंगडीनाथाचं लग्न लावायचं नाही. आणि तिसरी अट ऐकून तात्यांनी चष्मा काढला. घोंगडीनाथाला जेवायला घालायचं.

"दीड वरीस झालं," आक्का म्हणाल्या, "हत्ती उचलतोय, भिती पाडतोय, खरं एका अंकात बी त्यानं घास खाल्लेला न्हाय. बायका मला इचारत्यात, आक्का, ह्यो जेवतोय कवा? मी काय सांगू?"

"अहो, पण तो वीर आहे!"

"म्हनूनच जास्त लागतंय."

लिहायला घेण्याआधी त्यांनी मागचे सगळे अंक मागून नेले. आठ दिवसांनी परत आल्या तेव्हा बगलेत एक जाडजूड वही होती. घोंगडीनाथ कुणाला काय बोलला, कुठली शपथ घेतली, कुणाचा मार खाल्ला, कुठं जखम झाली, कोणत्या गावाला पुन्हा येतो म्हणून आला आणि गेलाच नाही, हे सारं त्यात होतं. सबनीसांना स्वतःला त्यातलं निम्मंही आठवलं नसतं. वहीतलं एक पान माझ्या नावाचं होतं.

"पेंटर, ह्याला डावा कान हाय काय?"

मी जुने अंक चाळले. घामच फुटला. मला उजवा चेहरा चांगला जमायचा म्हणून दीड वर्षं मी त्याला एकाच बाजूनं काढला होता.

"असेल की," मी म्हणालो.

"असंल न्हवं. हाय का न्हाय ते आज ठरवा. उद्या मला कानाखाली जाळ काढायचा झाला तर कुटं काढू?"

तात्या एकदा उत्साहात म्हणाले, "आक्का, आता तुमच्या हातात आलाय, तर नावही बदलू. घोंगडीनाथ जरा गावंढळ वाटतं. 'वीर नीलांबर' कसं?" आक्कांनी त्यांच्याकडं नजर लावली आणि म्हणाल्या, "तात्या, दुसरीचं पोर हातात घ्यायची मला सवय हाय. आदी बोटं मोजायची. मग रडतंय का बघायचं. मग पुसून आईच्या कुशीत. नाव ठिवायला सुईण कोन?"

पुढच्या बुधवारी घोंगडीनाथ पेटीच्या तळातून आधी पाय, मग कंबर, मग डोकं असा बाहेर आला. तालमीत पेढे वाटले. पेटीतून सुटल्याचे नव्हे, जन्मल्याचे वाटावेत तसे. आणि शेवटच्या चौकटीत तो रंकाळ्याकाठच्या एका म्हातारीच्या झोपडीत पिठलंभाकरी खात बसला होता. त्या एका चौकटीबद्दल जितकी पत्रं आली तितकी कधी सात हत्तींबद्दल आली नव्हती. बायकांची पत्रं पहिल्यांदाच आली. एकीनं लिहिलं होतं, पिठलं पातळ दिसते, पेंटरला सांगा.

जेवण घालायच्या ह्या हौसेपायी एकदा घोटाळा झाला. घोंगडीनाथ जोतिबावर चोर पकडायला गेला आणि पकडून झाल्यावर पायऱ्यांवरच्या तिसऱ्या दुकानात बसून त्यानं पेढे खाल्ले. मी आपलं तिसरं म्हणून तिसरं काढलं. आठवड्याभरात डोंगरावरचे सात दुकानदार छापखान्यात हजर. वरनं मोजलं तर तिसरं एकाचं, खालनं मोजलं तर दुसऱ्याचं, आणि उरलेल्या पाचांचं म्हणणं, नाथ तिथं बसलाच कसा, तिथले पेढे शिळे असतात. तात्या मागच्या दारानं निघून गेले. आक्का प्रुफं न्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांचे पेढे चाखले आणि म्हणाल्या, "पुडच्या अंकात बघा." पुढच्या अंकात घोंगडीनाथ कबूल करतो, की डोळ्यांत गुलाल गेल्यामुळं त्या दिवशी त्याला दुकान दिसलंच नव्हतं, नुसती चव आठवते, आता ती चव शोधत तो एकेका दुकानात जाणार आहे. सातही दुकानदार खूश होऊन परतले. पुढं कित्येक महिने जोतिबावर प्रत्येक दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, पुढचा आठवडा आमचा.

आक्कांना लिहायला वेळ मिळायचा तो दवाखान्यातच, आणि कागद मिळायचे तेही तिथलेच. वाया गेलेल्या केसपेपरांच्या पाठीवर त्या कथा लिहायच्या. मला ते ठाऊक होतं. मजकुराबरोबर कधी 'ताप नाही, दूध येते' असंही वाचायला मिळायचं. पण एका बुधवारी कागदांची अदलाबदल झाली. माझ्याकडं आला कुणा इंदुबाईचा चालू केसपेपर, आणि राऊंडला निघालेल्या डॉक्टरीणबाईंच्या हातात पडला घोंगडीनाथ. इंदुबाईच्या खाटेपाशी उभं राहून त्यांनी वाचलं, 'आता हिची मान मागून धरून पिरगाळावी व उचलून विहिरीत टाकावी.'

ही म्हणजे दरोडेखोरांची म्होरकी, इंदुबाई नव्हे. पण ते कागदावर नव्हतं.

मी चूक लक्षात येताच धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आक्का टेबलासमोर उभ्या होत्या. मी त्यांना मान खाली घालून उभ्या राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"वरीस होईल, बाई."

"सरकारी नोकराला बाहेर लिहायचं तर परवानगी लागते, ठाऊक आहे?"

"व्हय. खरं परवानगी मागायची तर नाव सांगाया लागतंय. नाव फुटलं तर तालमीतली पोरं वाचायची न्हाईत. बाईनं लिवलंय म्हनल्यावर..." आक्का थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "नोकरी काढायची तर काढा बाई. खरं एवढा म्होरचा अंक हुं द्या. त्यो इहिरीच्या काठाव हाय."

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट केला. ड्रॉवर उघडला, त्यातून 'खणखणाट'चा एक अंक काढला आणि टेबलावर ठेवला. घडी अगदी नीट घातलेली होती.

"महिन्यापूर्वी ह्याच्या खांद्यात गोळी गेली," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्याच आठवड्यात ह्यानं ऊस भरलेली गाडी उचलली. तू नर्स आहेस ना? लाज नाही वाटत? हाड सांधायला सहा आठवडे लागतात."

"चुकलं, बाई."

"हात गळ्यात बांध त्याचा. सहा आठवडे. आणि हा कागद मी वाचलेला नाही."

त्यानंतर घोंगडीनाथ सहा आठवडे एका हातानं लढला. मला चित्रं काढायला सोपी गेली. लोकांचा जीव मात्र असा टांगणीला लागला, की बुधवारी सकाळी बोळात रांग लागायची. तात्या ह्याचं श्रेय आपल्या अग्रलेखाला द्यायचे.

आणि मग, तीन वर्षांनी, सबनीस परत आले.

मुंबईनं त्यांना आणखी वाळवलं होतं. त्यांच्या पटकथेतला एकही शब्द पडद्यावर आला नव्हता. ते छापखान्यात आले, मागचे अंक मागितले आणि कोपऱ्यात बसून दोन दिवस वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाले, "माझा घोंगडीनाथ जेवत नसे."

तात्या म्हणाले, "आता जेवतो. आणि खपतोही."

"तो माझा आहे, तात्या. मी तो निर्माण केला. मला परत पाहिजे."

तात्या नाही म्हणाले. आवाज चढले. सबनीसांनी खिशातून लिहून आणलेले कागद काढले. "नसेल द्यायचा, तर हे माझं शेवटचं प्रकरण छापा. त्याचा मृत्यू. माझ्या हातून जन्मला, माझ्या हातून जाऊ द्या. दुसऱ्या कुणी..." आणि त्यांचा आवाज फुटला. रागानं बोलायला आलेला माणूस असा मधेच ओला होतो, तेव्हा समोरच्याला काय करावं कळत नाही. तात्या शाईची दौत इकडची तिकडं करत राहिले.

मी व्हरांड्यातल्या खिडकीतून ही हकीकत आक्कांना सांगितली तेव्हा त्या तान्ह्या पोराला आंघोळ घालत होत्या. त्यांनी पोराला पुसलं, गुंडाळलं, आईजवळ दिलं. मग म्हणाल्या, "बुधवारी घिऊन या त्येस्नी. म्हनावं, मारायचा असंल तर मारा. खरं वाचून दाखवायचं काम तुमचं."

सबनीस आले. पुरुषाला आत जायला मनाई, म्हणून आक्कांनी त्यांना व्हरांड्यात खिडकीशी स्टुलावर बसवलं. गजांच्या आड बायका जमल्या. आक्कांनी एवढंच सांगितलं, "आज ह्ये वाचनार. घोंगडीनाथ ह्येंचाच."

सबनीस वाचू लागले. वाचत मात्र छान होते. कर्नाटकच्या सरहद्दीवर, दरीच्या तोंडाशी, घोंगडीनाथाला वीस जणांनी घेरलंय, घोंगडी कुणीतरी ओढून घेतलीय, बळ ओसरलंय, समोरनं भाला येतोय. नेमक्या त्या वेळी हातकणंगल्याच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. सावित्रा तिचं नाव. आधीची दोन बाळंतपणं अवघड गेली होती आणि ह्या वेळी तिनं आल्यापासून 'मी ह्यातनं वाचत न्हाय' एवढंच धरलं होतं. आक्कांनी तिला लगतच्या खोलीत नेलं. त्या खोलीचीही एक उंच खिडकी व्हरांड्यातच उघडत होती. सबनीस गप्प झाले आणि कागद घडी करू लागले.

आतून सावित्राचा आवाज आला, "वाच की, मुडद्या! भाल्याचं काय झालं?"

सबनीसांनी कागदाकडं बघितलं. कागदावर पुढच्या ओळीत काय होतं ते मला ठाऊक होतं. तात्यांनी दाखवलं होतं.

"थांबू नका," आक्का आतून म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "मधली येळ हाय. चालू द्या."

सबनीसांनी कागद खाली ठेवले. "भाला..." ते म्हणाले, "भाला आला... आणि घोंगडीनाथ खाली वाकला."

"मग?"

"भाला मागच्या माणसाच्या पागोट्यातून आरपार गेला."

खिडकीतल्या बायका हसल्या. आतूनही, कण्हता कण्हता, एक हसण्यासारखा आवाज आला. आणि मग तो काटकुळा माणूस सुरू झाला. घोंगडी नाही, बळ नाही, नुसता कचेरीतला कारकून वीस जणांपुढं उभा आहे, आणि तो त्यांना बोलण्यात गुंतवतोय. एकाला सांगतो तुझा पगार तुझ्या नायकानं खाल्ला, दुसऱ्याला सांगतो तुझी सही इथं चुकलीय. वीस जण आपसांत भांडायला लागले. सावित्रा ओरडली की सबनीस थांबायचे, ओरडणं ओसरलं की पुढचं सांगायचे. कुणी न शिकवता त्यांना ते कळलं. तासभर झाला. ते स्टुलावरून उठून उभे राहिले होते, चष्मा कुठं पडला ते त्यांना माहीत नव्हतं. घोंगडीनाथ कसाबसा दरीच्या पलीकडं पोचला, तेवढ्यात आत एक बारीक, चिडलेलं रडणं ऐकू आलं.

थोड्या वेळानं आक्का बाहेर आल्या. "पोरगी झाली. दोगी बी बऱ्या हायत." मग सबनीसांकडं बघून म्हणाल्या, "आता सांगितलं त्ये इसरायच्या आत लिवा जावा."

सबनीस त्यांच्या पाया पडायला वाकले. आक्का मागं सरल्या. "अव्वा! हात धुवायचेत अजून." आत जाऊन त्यांनी ती जाडजूड वही आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. "सगळं ह्यात हाय. डावा कान हाय त्येला. इसरू नका."

सबनीस गेल्यावर आक्का नळाशी हात धूत उभ्या राहिल्या. बराच वेळ. साबण केव्हाच निघून गेला होता.

"आक्का, वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटतंय की. न वाटाय मी काय धोंडा हाय?" त्यांनी नळ बंद केला. "तीन वरसं हातात हुता, पेंटर. खरं त्येच्या आईला आज पान्हा फुटला. बघितलंसा न्हवं?"

त्या बुधवारपासून घोंगडीनाथ पुन्हा सबनीसांचा झाला. चांगला चालला. तो जेवतही होता. आक्का पूर्वीसारख्या वाचून दाखवायच्या. एकदा तर छापखान्यात येऊन सबनीसांना सांगून गेल्या की दुसऱ्या चौकटीला बायका जांभया देतात, जरा बघा. सबनीसांनी बघितलं.

त्यानंतर काही वर्षांनी, माझ्या काही कामासाठी मी एस.टी. स्टँडवर गेलो होतो. गडहिंग्लजची गाडी लागलेली होती, भरलेली होती, सुटायची वेळ टळून गेली होती आणि तरी सुटत नव्हती. कंडक्टर दारातच उभा, हात घंटेच्या दोरीवर, पण दोरी ओढत नव्हता. ड्रायव्हर मान मागं वळवून बसला होता. मी खिडकीतून आत बघितलं. मधल्या बाकावर आक्का होत्या. केस पूर्ण पांढरे, पायाशी ट्रंक आणि वळकटी. नोकरी संपवून गावाकडं निघाल्या होत्या. शेजारच्या बाईला त्या घोंगडीनाथाची गोष्ट सांगत होत्या आणि अख्खी गाडी ऐकत होती.

घोंगडीनाथ म्हातारा झाला होता. कचेरीतनं पेन्शनीत निघाला होता. पन्हाळ्याच्या कड्यावर उभा होता, गुडघे वाजत होते, घोंगडी विरली होती, आणि जोतिबाच्या डोंगरावर कुणीतरी त्याला हाक मारत होतं. त्या आठवड्याचा 'खणखणाट' माझ्याच काखेत होता. त्यातलं हे काहीच नव्हतं. मी इतकी वर्षं त्याची चित्रं काढली. म्हातारा घोंगडीनाथ मी कधी काढला नव्हता, कुणी लिहिलाही नव्हता.

मी हाक मारणार होतो. पण आक्कांनी हात वर उचलला होता, तो म्हणजे उडी मारायला निघालेला नाथ, आणि अशा वेळी मधे बोलायचं नसतं एवढं मला त्यांच्याकडनंच कळलं होतं. तेवढ्यात कंट्रोलरची शिट्टी कडाडली. कंडक्टर दचकला, त्यानं दोरी ओढली. गाडी हलली. मागच्या काचेतून मला सगळ्या माना एका बाजूला वळलेल्या दिसल्या, आणि त्यांच्या मधोमध आक्कांचा तो हात. गाडी वळणाआड गेली तोवर तो वरच होता.